न दुखणारे दुखणे

आपल्या मराठीत आजाराला 'दुखणे' म्हणतात. ज्याला आजार आहे त्याला काही ना काही दुखत असणारच, हे जणू आपल्या भाषेनेच गृहीत धरले आहे. दाढ ठणकते म्हणून माणूस रात्रभर जागतो, पोटात कळ येते म्हणून दवाखाना गाठतो, पायात काटा रुतला तर तो निघेपर्यंत त्याला दुसरे काही सुचत नाही. परंतु एक दुखणे असे आहे की ते मुळी दुखतच नाही. ते खाजत नाही, ठणकत नाही, सुरुवातीला ताप आणत नाही. आणि ते दुखत नाही हाच त्याचा सर्वांत मोठा धोका! डॉक्टर त्याला कुष्ठरोग म्हणतात. माझी आजी त्याला रक्तपिती म्हणत असे. गावात कोणी महारोग म्हणतात. पण बहुतेक जण नाव न घेता आवाज खाली आणून नुसते 'तो रोग' म्हणतात.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. माझे विषय मराठी, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र. मग असल्या विषयावर मी का लिहावे, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर सरळ आहे. हा रोग आमच्या घरात आला, वर्षभर राहिला आणि गेला. तो माझ्या वडिलांना झाला होता. त्या वर्षभरात मी जे पाहिले, जे डॉक्टरांना विचारले आणि नंतर वाचनालयात बसून जे वाचले, ते आपल्यापुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझे वडील आचारी आहेत. आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या धानाच्या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत आहे. लग्नसराई आली की आसपासच्या पाचसहा गावांतून बाबांना बोलावणे येत असे. पंगत शंभराची असो की हजाराची. भात, वरण, आलू-वांग्याची भाजी आणि बुंदी बाबांच्याच हातची हवी. लग्नसराई संपली की एकरभर धानाची बांधी आणि इतरांच्या शेतावरची मजुरी. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. पण हजार माणसांना तांदूळ किती, डाळ किती, तेल किती, हे ते बोटांवर मोजून सांगतात आणि शेवटी अन्न उरतही नाही, पुरत नाही असेही होत नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझी पुस्तके आणि एस.टी.चा पास त्या बुंदीच्या झाऱ्यातूनच निघालेला आहे.

बाबांच्या हातांची पंचक्रोशीत ख्याती होती. चुलीवरचा गंज ते फडक्याशिवाय उतरवीत. तळलेली बुंदी कढईच्या काठावरून बोटांनीच उचलून दाबून पाहत. मंडपातली पोरे ते बघायला जमत. मोठी माणसे म्हणत, "हात नाही बाप्पा हे, लोखंड होय!" रात्री घरी आल्यावर आई कंदिलाएवढ्या उजेडात त्यांची बोटे पाही आणि विचारी, "हे कवा जळलं?" तेव्हा तो फोड बाबांनाही पहिल्यांदाच दिसे. "मले तं समजलंच नाही," ते म्हणत. कष्टकऱ्याचा हात निबर होतो, त्याला घट्टे पडतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यामुळे त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. दंडावर आणि पाठीवर काही फिकट डाग होते. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी ते गजकर्ण ठरवून मलम दिले. बाबांनी ते वर्षभर चोळले. डाग गेले नाहीत. पण ते खाजतही नव्हते; तेव्हा मलमही आपोआप सुटले.

आता हे असे का होते, ते सांगते.

१८७३ साली नॉर्वे देशातील बर्गन या शहरात हॅन्सन नावाच्या डॉक्टराने कुष्ठरुग्णाच्या गाठीतील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्याला बारीक काड्यांसारखे जिवाणू दिसले. तोवर तिकडच्या नामांकित वैद्यांचे मत हा रोग रक्तातून, म्हणजे आईबापांकडून मुलांकडे येतो असे होते. आपल्याकडे तर तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानला जाई. हॅन्सनने दोन्ही समजुतींच्या मुळावर बोट ठेवले. क्षयाचा जंतू कॉखने जगाला दाखवला तो याच्या नऊ वर्षांनंतर, १८८२ साली.

हा जिवाणू मोठा संथ आहे. विरजण घातलेल्या दुधातले जंतू एका रात्रीत दही लावून मोकळे होतात. हा मात्र एकाचे दोन व्हायला बारा ते चौदा दिवस घेतो. त्यामुळे शरीरात शिरल्यापासून पहिला डाग दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीस किंवा त्याहूनही अधिक. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातून उडणाऱ्या तुषारांवाटे, आणि तेही दीर्घकाळच्या निकट सहवासाने, तो दुसऱ्याकडे जातो. हात मिळवल्याने, शेजारी बसल्याने, एका पंगतीत जेवल्याने तो होत नाही. शिवाय बहुसंख्य माणसांच्या शरीरात त्याला थोपवण्याची शक्ती उपजतच असते. म्हणून ज्याला तो होतो त्याला तो 'कोणाकडून' झाला हे शोधणे व्यर्थ असते. आमच्या गावाने मात्र तो शोध पुष्कळ दिवस चालवला होता!

या जिवाणूला थंडावा आवडतो. प्रयोगशाळेतल्या कोणत्याही कृत्रिम खाद्यावर तो आजवर वाढवता आलेला नाही. शास्त्रज्ञांनी तो वाढवला तो उंदराच्या तळपायात, आणि १९७१ साली आर्माडिलो नावाच्या एका कवचधारी अमेरिकन प्राण्याच्या शरीरात. कारण त्या प्राण्याचे अंग आपल्यापेक्षा थंड असते. माणसाच्या शरीरातही तो उबदार गाभ्यात सहसा रमत नाही. त्वचा, नाक, कानाच्या पाळ्या, डोळ्यांचा पुढचा भाग आणि त्वचेलगतच्या नसा, ही त्याची आवडती ठिकाणे. नस म्हणजे इथे रक्ताची शीर नव्हे. स्पर्शाची वार्ता मेंदूकडे नेणारी आणि मेंदूची आज्ञा स्नायूंकडे आणणारी मज्जातंतूंची दोरी. विजेच्या तारेवर जसे वेष्टन असते तसे या तंतूंभोवती पेशींचे वेष्टन असते. हा जिवाणू नेमका त्या वेष्टनात बिऱ्हाड करतो. शरीर त्याच्याशी लढू लागते, नस सुजते, जाड होते आणि त्या झटापटीत तार तुटते.

तार तुटण्यालाही एक क्रम आहे. बहुधा आधी ऊन-थंड कळेनासे होते, मग हलका स्पर्श, आणि मग वेदना. डागावर घाम येत नाही, तो कोरडा पडतो, त्यावरची लव झडते. बाबांचे 'लोखंडी' हात हे या क्रमातले पहिले पाऊल होते. मंडपात ज्याला शाबासकी मिळत होती ते रोगाचे लक्षण होते.

नस स्पर्शाची असते तशी हालचालीचीही असते. कोपरामागची नस गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वाकडे होते. मनगटापुढची गेली की अंगठा बोटांना भेटत नाही. मग घास उचलता येत नाही, बटण लावता येत नाही. गुडघ्याबाहेरची गेली की पाऊल लोंबते आणि चालताना चप्पल निसटते. घोट्याजवळची गेली की तळव्यात खिळा घुसला तरी कळत नाही. चेहऱ्याची गेली की पापणी मिटत नाही. डोळा रात्रंदिवस उघडा राहतो, कोरडा पडतो आणि शेवटी दृष्टी जाते. ज्यांच्या शरीराची लढण्याची शक्ती फारच कमी असते त्यांच्या अंगभर जिवाणू पसरतात. कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया विरळ होतात, नाकाचा दांडा बसतो.

इतके वाचल्यावर आपल्याला वाटेल की मग बोटेही रोगानेच झडत असतील. मलाही तसेच सांगितले गेले होते. पण तसे नाही. दक्षिणेत वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ सालापासून काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी ही गोष्ट जगाला पटवून दिली. हा रोग बोट खात नाही. तो फक्त वेदना घेऊन जातो. मग वेदनेचा पहारा उठलेल्या त्या हाताला रोजचे जगच जखमी करते: तापलेले भांडे, विळ्याची धार, पेटती विडी, बोचणारी चप्पल. जखम दुखत नाही म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. ती चिघळते, हाडापर्यंत पोचते आणि बोट हळूहळू आखडत जाते. डॉ. ब्रँड यांच्या काही रुग्णांची बोटे रात्रीतून नाहीशी होत. शोध घेता कळले की झोपेत उंदीर ती कुरतडत होते, आणि झोपलेल्याला जागही येत नव्हती. उपाय म्हणून त्यांनी रुग्णांना मांजरे पाळायला दिली! हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले. वेदना नको म्हणून आपण देवाला नवस करतो. पण ज्याच्याकडची वेदना गेली त्याचे काय होते, हे आपण कधी पाहिलेलेच नसते.

मी बारावीत असतानाची गोष्ट. पावसाळा सरला होता. शासनाची कुष्ठरुग्ण शोधमोहीम सुरू होती आणि घरोघर तपासणी चालली होती. आमच्या गावच्या आशाताई आणि त्यांच्यासोबत एक पुरुष स्वयंसेवक, अशी जोडी घरी आली. बाबांनी अंगणात उजेडाला सदरा काढला. पाठीवरचे डाग पाहून ताई म्हणाल्या, "भाऊ, एक गंमत करू." त्यांनी खिशातले साधे बॉलपेन काढले. आधी डोळे उघडे ठेवून दाखवले: पेनचे टोक जिथे टेकेल तिथे बाबांनी बोट ठेवायचे. मग डोळे मिटायला सांगितले. स्वयंसेवकाने छातीवर पेन टेकवले, बाबांनी बरोबर बोट ठेवले. खांद्यावर टेकवले, बरोबर. मग दंडावरच्या डागावर टेकवले. बाबांचे बोट हलले नाही. पुन्हा टेकवले, डागाच्या मधोमध. बोट जागचे हलेना.

"लाव ना पेन," बाबा डोळे मिटूनच म्हणाले.

पेन लागलेलेच होते.

ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी वहीत नाव लिहिले आणि एक चिठ्ठी दिली. ताईंचे काम संशय नोंदवणे; निदान करणे हे डॉक्टरांचे काम. दुसऱ्या दिवशी आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. वडिलांना एकटे जायचे नव्हते, आईला काय बोलावे ते कळत नव्हते, म्हणून मी सोबत गेले.

मला वाटले होते की आता मोठमोठी यंत्रे असतील, रक्त काढतील. तसे काहीच नव्हते. या रोगाचे निदान करील असा रक्ताचा भरवशाचा तपास नाही. डॉक्टरांची साधने म्हणजे खिडकीतून येणारा उजेड, कापसाची एक वात, तेच बॉलपेन आणि त्यांची स्वतःची बोटे. त्यांनी डाग मोजले, सात भरले. कापसाने स्पर्श तपासला. मग दोन्ही कोपरे हातात घेतले. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खाचेत एक नस असते. तिला धक्का लागला की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हे आपण सर्वांनी अनुभवलेले आहे. ती नस त्यांनी बोटाखाली हळूच फिरवून पाहिली, दोन्ही बाजूंची तुलना केली. उजवीकडची जाड होती. "सुतळीसारखी लागते," असे म्हणून त्यांनी आपल्याबरोबरच्या परिचारिकेलाही ती पाहायला सांगितली. मान, मनगट, गुडघा, घोटा असे एकेक ठिकाण पाहिले. मग करंगळी बाहेर ताणून धरायला लावली, अंगठा सरळ उभा करायला लावला, पाऊल वर ओढायला लावले, डोळे घट्ट मिटायला लावले. तळहात आणि तळपाय यांवर ठराविक जागी पेन टेकवून कागदावरच्या आकृतीत खुणा केल्या.

नंतर त्यांनी मला समजावून सांगितले. तीन मुख्य लक्षणे: फिकट किंवा लालसर डाग आणि त्या डागावर निश्चित बधिरता, जाड झालेली नस आणि तिच्या हद्दीत बधिरता किंवा अशक्तपणा, आणि त्वचेच्या द्रवात दिसलेले जिवाणू. तिघांपैकी एक पक्के सापडले तरी निदान पुरे. कोड आले तर डाग दुधासारखा पांढरा होतो, पण त्यावर स्पर्श कळतो. शिब्यांवर स्पर्श कळतो. गजकर्ण खाजते. कुष्ठाचा डाग खाजत नाही आणि त्यावर स्पर्श कळत नाही. इतका साधा हा भेद! मलमाचे ते वर्ष मला आठवले. बाबांच्या दंडावर त्या वेळी कोणी कापसाची वात फिरवली असती तर एवढेच काम अर्ध्या मिनिटात झाले असते.

पुढे जिल्ह्याच्या रुग्णालयात कानाच्या पाळीवर आणि डागावर बारीकशी चीर देऊन द्रव काचपट्टीवर घेतला. तिथल्या तंत्रज्ञांनी माझी उत्सुकता पाहून मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिले. निळ्या पार्श्वभूमीवर लालभडक बारीक काड्या दिसल्या. काही सुट्या, काही एकत्र बांधल्यासारख्या, अगदी बिडीच्या कट्ट्यासारख्या. आयुष्यात प्रथमच मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला होता, आणि पाहिले ते बाबांच्या शरीरातले जिवाणू. हे पाप नव्हते, शाप नव्हता. ते दिसत होते आणि मोजता येत होते.

पाचपेक्षा अधिक डाग असले किंवा द्रवात जिवाणू दिसले की रोग 'जास्त जिवाणूंचा' गणतात आणि बारा महिने औषध देतात. 'कमी जिवाणूंचा' असेल तर सहा महिने पुरतात. १९४० नंतरच्या दशकांत डॅप्सोन हे एकच औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागे आणि पुढे काही जिवाणू त्याला दाद देईनासे झाले. म्हणून १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफॅझिमीन आणि डॅप्सोन यांचा बहुविध औषधोपचार सांगितला. १९९५ सालापासून तो जगभर मोफत मिळतो. बाबांना अठ्ठावीस दिवसांचे एकेक पाकीट मिळे. महिन्याची मोठी मात्रा आरोग्य सेविकेसमोर घ्यायची, बाकीच्या गोळ्या घरी रोज. पहिल्या मात्रेनंतर लघवी लाल झाली तेव्हा बाबा घाबरले. ते औषधाच्या रंगाने होते हे सेविकेने आधीच सांगितले होते म्हणून बरे. पुढे कातडी काळवंडली. पण औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून इतरांना लागण होण्याची भीती राहत नाही, हे डॉक्टरांनी आईला तीनदा सांगितले. आम्हा घरच्यांची तपासणी झाली. आई पाठ दाखवायला तयार होईना. शेवटी आशाताईंनी दार लावून आतल्या खोलीत तिला तपासले. आम्हा तिघांनाही रोग नव्हता. खबरदारी म्हणून आम्हाला रिफाम्पिसिनची एकेक मात्रा दिली.

चौथ्या महिन्यात एक विपरीत घडले. बाबांचे डाग लाल होऊन सुजले आणि ज्या कोपराने कधी तक्रार केली नव्हती ते रात्रभर ठणकू लागले. करंगळीतली ताकद आठवड्यात उतरली. "या गोळ्यांनंच हात चालला माया," असे म्हणून बाबांनी पाकीट कोनाड्यात फेकले. मी त्यांना घेऊन पुन्हा केंद्रात गेले. डॉक्टर म्हणाले की ही 'प्रतिक्रिया' आहे. औषधाने जिवाणू मरतात, पण त्यांचे अवशेष नसेत राहतात आणि शरीर त्यांच्यावर जोराने तुटून पडते. त्यात नस चिरडते. अशा वेळी औषध थांबवायचे नसते. त्यांनी सूज उतरवणारी प्रेडनिसोलोनची गोळी जोडीला दिली, ती महिनोन् महिने हळूहळू कमी करत नेली आणि हाताचे व्यायाम शिकवले. उशीर झाला असता तर दोन बोटे कायमची वाकली असती. करंगळी आज पूर्ण सरळ होत नाही, पण झारा धरता येतो. तळहाताची जी संवेदना आधीच गेली होती ती मात्र परत आली नाही. औषध जिवाणू मारते. तुटलेली जुनी तार जोडत नाही. लवकर निदान व्हायला हवे असे सारे सांगतात, त्याचे कारण हे आहे.

आता आजाराच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वळते, जो शरीरात नसतो.

त्या उन्हाळ्याच्या लग्नसराईत बाबांना अकरा ठिकाणची कामे होती. त्यांपैकी आठ गेली. कोणीही तोंडावर काही बोलले नाही. "यंदा केटरर सांगितला," "यंदा मुलीकडेच करणार आहेत," अशी कारणे आली. एका घरून बयाना परत मागितला. बाबांनी तो मोजून दिला. मला यातला विरोधाभास अजून सुटलेला नाही. ज्या वर्षांत रोग अंगात होता आणि उपचार नव्हता त्या वर्षांत हजारो माणसे बाबांच्या हातचे जेवली. त्यांना काही झाले नाही, कारण तो अन्नातून होतच नाही. आणि ज्या वर्षी औषध सुरू झाले त्या वर्षी त्यांचे हात वर्ज्य ठरले. रोग होता तेव्हा हात हवे होते; रोग गेला तेव्हा नको झाले!

शेजारच्या एका काकांनी मनापासून सुचवले, "वरोऱ्याले नेऊन टाका." बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ उभे केलेले आनंदवन आमच्या जिल्ह्याचा अभिमान आहे. त्याआधी १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्रामला गांधीजींनी परचुरे शास्त्रींची स्वतःच्या हातांनी शुश्रूषा केली. ३० जानेवारी, गांधीजींची पुण्यतिथी, हा आपल्या देशात कुष्ठरोगविरोधी दिन म्हणून पाळतात. हे सारे वंदनीयच आहे. पण आनंदवन उभे राहिले ते घरांनी दारे बंद केली म्हणून. ज्याच्या घराचे दार उघडे आहे, ज्याचे औषध गावच्या केंद्रात मिळते, त्याने गाव का सोडावे? काकांना दया होती. पण त्या दयेत माझ्या बाबांना बाहेर ठेवण्याची सोय होती.

कायदासुद्धा याबाबतीत फार सावकाश चालला. रुग्णांना वेगळे ठेवण्यासाठी इंग्रजांनी १८९८ साली केलेला कायदा आपल्या संसदेने रद्द केला तो २०१६ साली. जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्या कारणाने घटस्फोट मागता येत असे. ते कारण कायद्यांतून वगळले गेले २०१९ साली. म्हणजे मी प्राथमिक शाळेत होते तोवर माझ्या आईला या कारणासाठी कायद्याने वेगळे होता आले असते! डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचे 'दूरीकरण' झाले. त्याचा अर्थ दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, एवढाच होता. तो शब्द ऐकून पुष्कळांना रोग संपला असे वाटले. प्रत्यक्षात आजही जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. वर्षाला सुमारे एक लाख. आणि महाराष्ट्रात आमचा पूर्व विदर्भ त्यात पुढे आहे.

हा लेख लिहायचे ठरले तेव्हा घरी वाद झाला. आई म्हणाली, "लिहाचं तं लिही, पन नाव नोको टाकू. उद्या तुले पाहाले पाहुने येतीन, तवा?" आईचे भय खोटे नाही. तिने ती लग्नसराई पाहिली आहे. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नाव टाक. नाव नाही टाकलं तं लोक म्हनतीन, कायची तरी कहानी लिवली पोरीनं." मी लेख नावानिशीच दिला आहे. ज्या घरी हा लेख वाचून माझ्याविषयी विचार बदलेल, त्या घरी जायचे नाही एवढे तरी मला लग्नाआधीच कळेल.

बाबांचे औषध पूर्ण झाल्याला आता वर्ष होऊन गेले. यंदाच्या हंगामात पाच कामे आली. अकराची पाच झाली, तीनाची पाच झाली असेही म्हणता येईल. आता ते जाड फडक्याशिवाय गंजाला हात लावत नाहीत. झाऱ्याला आणि उलथण्याला त्यांनी लाकडी मुठी बसवून घेतल्या आहेत. दवाखान्यातून मिळालेली मऊ तळाची चप्पल वापरतात. रोज रात्री हातपाय धुऊन दिव्याखाली बसतात आणि तळहात, तळपाय डोळ्यांनी तपासतात. जे काम कातडी करत असे ते आता डोळ्यांनी करावे लागते. आई बाजूला बसून तेल लावते.

आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी खेड्यात जाते. आपण रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो. यंदा तिथल्या आशाताईंना सोबत घेऊन घरोघर जाता येईल, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. आणि मित्रमैत्रिणींनो, हा अंक खाली ठेवल्यावर एकदा आपली स्वतःची, आईची, आजोबांची पाठ उजेडात बघा. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, ती दुसऱ्यानेच बघावी लागते. एखादा डाग दिसला, तो खाजत नसला, तर डोळे मिटायला सांगा आणि पेन टेकवा. बोट त्या जागी आले तर चांगलेच. नाही आले, तर मलम आणू नका आणि घाबरूही नका. दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य केंद्रात जा. तपासणीला आणि औषधाला पैसे पडत नाहीत.